मोबाइलवर मराठी: प्लगइन की खुले मानक?

२००० च्या दशकात अनेक मराठी संकेतस्थळे वाचण्यासाठी त्यांचा वेगळा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. तो नसेल, तर ‘कसबा पेठ’ऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसत. संगणकावर यावर उपाय होता. फायरफॉक्सचे ‘पद्मा’ हे ॲड-ऑन काही जुन्या भारतीय फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवी. मोबाइलवर मात्र फॉन्ट किंवा ॲड-ऑन सहसा बसवताच येत नसे.

युनिकोड या खुल्या मानकात प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असतो, ‘क’चा २३२५. त्यामुळे कोणत्याही युनिकोड देवनागरी फॉन्टमध्ये मजकूर वाचता येतो. जी जुनी पाने युनिकोडमध्ये आणली गेली नाहीत, ती मोबाइलवर वाचता येत नाहीत आणि ‘कसबा पेठ’ असे शोधून सापडतही नाहीत.