सेवाव्रती स्त्रिया आणि पांढुर्णा-सौंसरचा परिसर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर सावरगाव, मध्ये पळसाचे झाड व त्यावर झेंडा. दोन्ही बाजूंनी दगडगोट्यांचा वर्षाव होतो आणि अखेरीस तो झेंडा चंडीमातेच्या मंदिरात नेला जातो. यामागील दंतकथा अशी की, पांढुर्ण्याचा एक तरुण सावरगावच्या मुलीस घेऊन नदी ओलांडीत असता दोन्ही तीरांवरून दगड आले व उभयतांनी पात्रातच प्राण सोडले. जिच्यामुळे दरवर्षी एवढा लोकसमुदाय लोटतो, तिला दंतकथा ‘सावरगावची मुलगी’ एवढेच म्हणते. तिला नाव नाही.

ही गोष्ट केवळ दंतकथेपुरती असती तर तिचा येथे उल्लेख करण्याचे कारण नव्हते. मंडळांच्या व मंदिरांच्या जुन्या वह्या चाळणाऱ्यास हाच अनुभव येतो. देणगीदार म्हणून पुरुषाचे नाव चढते. स्त्री येते ती अमक्याची पत्नी वा तमक्याची मातोश्री म्हणून. उत्सवात ज्या महिलांची खणानारळाने ओटी भरली जाते, शाल-श्रीफळ देऊन ज्यांचा गौरव होतो, त्यांनी नेमके काय केले याची ओळ कोणी लिहून ठेवीत नाही. दप्तर सांभाळणाऱ्यांचा हा दोष लहान नव्हे.

पांढुर्णा व सौंसर या मराठीभाषी तालुक्यांचा ओढा पूर्वापार नागपूरकडे. नागपूर-इटारसी लोहमार्गावर पांढुर्णा, तर छिंदवाड्याच्या छोट्या गाडीवर सौंसर. ती अरुंद मापाची गाडी २०१५ पर्यंत धावत होती. नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. त्याच जिल्ह्यातून २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा निघाला व सौंसर त्यात आले. राज्याची सीमा बदलली तरी या भागातील समाजसेविकांचा वारसा शोधू गेल्यास पावले नागपूरकडेच वळतात.

त्या वारशात अग्रभागी कमलाताई होस्पेट. १८९६ साली खानदेशातील शिरपूर येथे मोहोनी घराण्यात त्यांचा जन्म झाला. बालवयात विवाह, कोवळ्या वयात वैधव्य, शिक्षण मराठी प्राथमिक शाळेपुरते. त्या काळच्या रीतीप्रमाणे अशा मुलीचे आयुष्य माजघरातच संपावयाचे. कमलाताई नागपूरच्या डफरिन रुग्णालयात परिचारिका व सुईण यांचे शिक्षण घेण्यास गेल्या. बाळंतपण म्हणजे विटाळ, अंधारी खोली व कोंदट शेगडी, असे जेव्हा घरोघर होते, तेव्हा कुलीन घरातील विधवेने सुईणीचे काम पत्करणे ही सामान्य गोष्ट नव्हती. पुढे १९२१ मध्ये सहकारी वेणूताई नेने यांच्या साहाय्याने त्यांनी मातृसेवा संघ स्थापिला. आरंभी खाटा होत्या अवघ्या चार. त्यातून ठिकठिकाणी शाखा निघाल्या. १९५८ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्थाही नागपुरात उभी राहिली. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या १९८१ मध्ये निवर्तल्या. वेणूताईंचे नाव मात्र कमलाताईंच्या चरित्रात एखाद्या वाक्यापुरते येते. चार खाटांच्या त्या घरात रात्री जागणाऱ्या दोघी होत्या, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

विधिमंडळातील सेवा वेगळ्या प्रकारची. अनसूयाबाई काळे १९३७ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाड विधानसभेच्या उपसभापती झाल्या. ती विधानसभा सौंसरकरांचीही होती. १९४२ च्या आष्टी-चिमूर प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचविण्यासाठी त्या झटल्या, आणि १९५२ मध्ये नागपूरहून लोकसभेवर गेल्या.

सन्मान कोणाचा करावयाचा याबरोबरच तो कसा करावयाचा, हाही प्रश्न आहे. उमरेडकडील जाईबाई चौधरी यांनी नागपूर ते कामठी डोक्यावरून ओझी वाहिली. एका मिशनरी बाईंनी त्यांना महिना चार रुपयांवर शिक्षिका नेमले. परंतु बाई अस्पृश्य आहेत हे कळताच पालकांनी मुले काढून घेतली व ती नोकरी गेली. जाईबाईंनी १९२२ मध्ये नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली.

१९३७ च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपूरला भरले. स्त्रियांच्या उन्नतीसाठीच ते भरले होते. तेथे भोजनाच्या वेळी जाईबाईंची व त्यांच्या भगिनींची पाने वेगळी मांडण्यात आली. त्या मुकाट्याने परतल्या नाहीत. १ जानेवारी १९३८ रोजी दलित स्त्रियांनी निषेधाची सभा घेतली आणि त्या पंगतीचा जाब विचारला.