मुंबईची खाजणे : शहरवाढ, हवामानबदल आणि पाणथळ भूमीचा इतिहास

प्रस्तावना

पायधुणी, उमरखाडी, खार ही आज गजबजलेल्या वस्त्यांची नावे आहेत. परंतु त्यांत भरतीच्या पाण्याची स्मृती टिकून आहे. मुंबईचा इतिहास बहुधा सात बेटे जोडून महानगर घडविल्याची यशोगाथा म्हणून लिहिला जातो. त्या बेटांमधील खाजणे, खाड्या व तिवरांची वने यांचे काय झाले, हा प्रश्न त्यात दुय्यम राहतो. पाणथळ भूमीस ‘रिकामी जमीन’ मानण्याच्या दृष्टीचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

वसाहतकालीन भरणी

गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या काळात, १७८४ च्या सुमारास, महालक्ष्मी व वरळी यांच्यामधून आत शिरणारा समुद्र बांध घालून अडविण्यात आला आणि बेटांमधील सखल प्रदेश वस्तीस खुला झाला. पुढे १८४५ मध्ये माहीम व वांद्रे यांना जोडणारा सेतुमार्ग तयार झाला. दलदलीतून रोगट हवा पसरते, ही तत्कालीन वैद्यकीय समजूत भरणीस पोषक ठरली. १८६० च्या दशकातील कापसाच्या तेजीत भरणीच्या कंपन्यांचे पेव फुटले. १८६५ मध्ये तेजी ओसरताच त्यांतील अनेक बुडाल्या. कोळ्यांना मासळी व आगऱ्यांना मीठ देणारी ही भूमी उत्पादक होती. मात्र राज्यकर्त्यांच्या लेखी तिचे मूल्य भराव घातल्यावरच सुरू होत असे.

स्वातंत्र्योत्तर सातत्य

राज्यकर्ते बदलले, तरी ही दृष्टी फारशी बदलली नाही. विहार व पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी सुमारे १८ किलोमीटर लांबीची मिठी नदी माहीमच्या खाडीस मिळते. तिच्या मुखाजवळील खाजणांवर १९७० च्या दशकापासून वांद्रे-कुर्ला संकुलाची उभारणी झाली. दक्षिण मुंबईवरील ताण कमी करणे हा हेतू रास्त होता. परंतु त्यासाठी निवडलेली जागा नदीच्या पुराचे पाणी सामावून घेणारी होती. नदीकाठचे कारखाने, झोपडवस्त्या व विमानतळाचा विस्तार यांमुळे पात्र आणखी आकसले.

अतिवृष्टी आणि हवामानबदल

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था ताशी सुमारे २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती आणि भरतीच्या वेळी पाण्याचा निचरा मंदावतो. पाऊस निसर्गाचा होता. पाण्याची जागा मात्र माणसाने घेतली होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तापलेल्या अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाशी त्यांचा संबंध आढळतो. समुद्रपातळीही वाढत आहे. म्हणजेच पाणी धरून ठेवणाऱ्या भूमीची गरज वाढत असतानाच तिचे क्षेत्र घटले आहे.

संरक्षणाचे प्रयत्न

ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीस बंदी घातली व २०१८ मध्ये ती कायम केली. २०१२ मध्ये राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०१५ मध्ये ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांचे अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये या खाडीस रामसर दर्जा लाभला. धारावीलगत जुन्या कचराभूमीवर वाढविलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान उजाड जमीनही हिरवी होऊ शकते, हे दाखविते. तथापि २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरे येथे दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली आणि २०२४ मध्ये धारावी पुनर्विकासासाठी मिठागरांच्या जमिनी देण्याचा निर्णय झाला. गरिबांच्या घरांची निकड खरी आहे. परंतु ती घरे सखल भूमीवरच बांधल्यास पुराचा पहिला तडाखा त्यांनाच बसेल.

समारोप

भरणीने मुंबईस जमीन दिली, हे नाकारता येत नाही. मात्र त्या जमिनीची किंमत ठरविताना खाजणांचे कार्य कधीच हिशेबात धरले गेले नाही. तिवर न्यायालयामुळे काही अंशी वाचले. तिवर नसलेली मिठागरे व पूरमैदाने अजूनही ‘रिकामी’ गणली जातात. शहराच्या विकास आराखड्यात त्यांची नोंद पाणी साठविणारी भूमी म्हणून होणे, ही या इतिहासातून निष्पन्न होणारी किमान अपेक्षा होय.