लागला की लावला?

१४ ऑक्टोबर १९७८. अमेरिकेतील बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा चौथा सामना, यांकीज विरुद्ध डॉजर्स. पहिल्या बेसकडे फेकलेला चेंडू वाटेत उभ्या असलेल्या रेजी जॅक्सनच्या कमरेला लागून भलतीकडे गेला आणि मन्सनने धाव पूर्ण केली. डॉजर्सचे मॅनेजर लासोर्डा तावातावाने भांडले. पंचांना मात्र हेतू दिसला नाही. यांकीजने सामना ४-३ असा जिंकला, पुढे मालिकाही.

नियम मार्मिक आहे. टोलवलेला चेंडू अडवणाऱ्याच्या आड धावणारा आला, की चुकून असो वा मुद्दाम, तो बाद. फेकलेल्या चेंडूबाबत मात्र हेतू पाहायचा. पंचाला कंबर दिसते, मन कसे दिसणार? वर्गात ‘धक्का लागला की दिला?’ याचा निवाडा करताना मीही चेहरेच वाचत असे.