धोटा, दोरा आणि साळखात्याचा बंद दरवाजा

मुंबईच्या कापडगिरण्यांत कोणी कोणत्या खात्यात काम करायचे, हे १९२० च्या दशकातही बऱ्याच अंशी जातीवरून ठरत असे. मालकांनी तसा नियम लिहून ठेवला नव्हता. मग हे ठरवत कोण होते?

रत्नागिरी, सातारा, उत्तर हिंदुस्थान अशा मुलखांतून आलेल्या माणसांची भरती, देखरेख आणि बडतर्फी व्यवस्थापनाने जॉबरवर सोपवली होती. जॉबर बहुधा आपल्या गावचे, नात्यातले, जातीचे लोक घेई. परक्या शहरात नवख्याला त्यामुळे आधार मिळे. पण त्याच वाटेने गावची उतरंडही गिरणीत शिरे.

साळखाते, म्हणजे विणाईचा विभाग, याची साक्ष देते. धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा दोरा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्याच धोट्याला दुसऱ्याचे ओठ लागणार, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तेथे मज्जाव होता. हिंदू आणि मुसलमान विणकर मात्र याच खात्यात काम करत. विणाईत मिळकत अधिक. दलित कामगारांच्या वाट्याला मुख्यतः सूतकताईतील कमी पगाराची कामे येत. (हाताने दोरा ओवता येणारे धोटे त्या काळी बनत होते. अडचण केवळ यंत्राची असती तर ती दूर करता आली असती.)

एप्रिल १९२८ मध्ये सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर गेले. विणाईतील मज्जाव उठवण्याची मागणी घेतली नाही तर दलित कामगारांना संपापासून दूर राहण्यास सांगू, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले. तेव्हा कुठे ती मागणी यादीत आली, आणि तीही नाखुशीने. कामगारांच्या एकजुटीची भाषा करणाऱ्या पुढाऱ्यांसाठी ही बाब फारशी भूषणावह नव्हती.

ऑक्टोबरमध्ये संप मिटला आणि मागण्या फॉसेट समितीपुढे गेल्या. यात अन्याय असलाच तर तो आमचा नव्हे, असा मालकांचा पवित्रा होता. तो सर्वस्वी खोटाही नव्हता. कामगारच एकमेकांना अडवत होते. पण ज्या जॉबरच्या हाती भरती होती, त्याला नेमणारे मालकच होते.

१९३१ मध्ये शाही श्रम आयोगाने भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडे देण्याची शिफारस केली. १९३४ च्या कायद्याने मुंबईत सरकारी लेबर ऑफिसर आला. मालकांच्या संघटनेनेही आपला अधिकारी नेमला. साळखात्यातील मज्जाव मात्र एवढ्याने उठला नाही.