यंत्राच्या पोटातले यंत्र

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सालवडहून मुंबईला परत निघालो तेव्हा बारावीतला भाचा बरोबर होता. बोईसरला डहाणूहून येणारी लोकल पकडली. बसायला जागा मिळताच त्याने पिशवीतून पुस्तकाएवढे एक यंत्र काढले. मधोमध सात इंची पडदा, दोन्ही बाजूंना बटणे आणि अंगठ्याने हलवायच्या छोट्या दांड्या. दिसायला खेळणे, पण आतून पूर्ण संगणक. असे हातात धरून खेळायचे पीसी चीनमधील जीपीडी या कंपनीने २०१६ मध्ये बाजारात आणले. २०२२ मध्ये अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम डेक’मुळे त्यांना मोठे गिऱ्हाईक मिळाले आणि २०२३ मध्ये एसुस कंपनीचे असेच यंत्र भारतातही विक्रीस आले.

भाच्याच्या यंत्राची स्मृती १६ गिगाबाइट. त्यावर तो जो खेळ खेळत होता तो १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, आणि त्याचा आकार अवघा ४० किलोबाइट. म्हणजे यंत्राची स्मृती खेळाच्या चार लाख पटींहून अधिक! मी विचारले, “एवढे महागाचे यंत्र घेऊन हेच खेळायचे होते का?” तो म्हणाला, “मामा, नवे खेळ दिसायला भारी असतात. पण हा मला आख्खा कळतो.”

या उत्तरात बरेच काही आहे असे मला वाटले, आणि त्याच्या मागचा इतिहास शिक्षकांपुढे मांडावा म्हणून हा लेख.

योगायोग असा की हातातल्या इलेक्ट्रॉनिक खेळाचा जन्मही आगगाडीतच झाला असे सांगतात. जपानमधील निन्तेन्दो कंपनीचे अभियंते गुनपेई योकोई यांनी प्रवासात एका कंटाळलेल्या नोकरदाराला गणकयंत्राच्या कळा चाळवत बसलेले पाहिले, आणि त्यातून १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ हा खिशात मावणारा खेळ निघाला. त्या काळी गणकयंत्र बनवणाऱ्या कंपन्यांच्या स्पर्धेमुळे द्रव-स्फटिकाचे पडदे अतिशय स्वस्त झाले होते. जुने, पुरते माहीत झालेले, स्वस्त तंत्रज्ञान घ्यावे आणि ते नव्या कामाला लावावे, हे योकोई यांचे सूत्र होते. १९८९ च्या ‘गेम बॉय’मध्येही त्यांनी रंगीत पडद्याचा मोह टाळला, आणि चार पेन्सिल सेलवर ते यंत्र दहा तासांहून अधिक चाले.

पडद्यावरच्या खेळाची कथा मात्र त्याही आधीची आहे, आणि तारापूरच्या शेजारी राहणाऱ्यांना ती जवळची वाटावी, कारण ती एका अणुसंशोधन केंद्रात घडली. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत दरवर्षी लोकांना प्रयोगशाळा पाहायला बोलावत. नुसते तक्ते आणि बंद यंत्रे पाहून लोक कंटाळतात, हे तेथील भौतिकशास्त्रज्ञ विल्यम हिगिनबोथम यांच्या लक्षात आले. हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामॉस येथे अणुबॉम्बसाठी लागणारी वेळमापक सर्किटे बनवणाऱ्या गटाचे प्रमुख होते आणि पुढे त्यांनी अण्वस्त्रप्रसाराविरुद्ध आयुष्यभर काम केले. प्रयोगशाळेतील ॲनॉलॉग संगणकाच्या माहितीपुस्तिकेत उसळत्या चेंडूचा मार्ग कसा काढावा ते दिलेले होते. तेवढ्या धाग्यावरून त्यांनी ऑसिलोस्कोपच्या पाच इंची पडद्यावर टेनिसचा खेळ उभा केला. ऑक्टोबर १९५८ मध्ये तो लोकांपुढे आला आणि पाहुण्यांच्या रांगा लागल्या. पुढच्या वर्षी त्यात एक सोय वाढवली: चंद्रावरच्या किंवा गुरू ग्रहावरच्या गुरुत्वाकर्षणात टेनिस कसे वाटेल तेही खेळून पाहता येई. गतीचे नियम शिकवायला याहून चांगले साधन मला तरी ठाऊक नाही. त्यानंतर ते यंत्र मोडून त्याचे भाग दुसऱ्या कामांना लावले गेले. १९९७ मध्ये प्रयोगशाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी ते पुन्हा बनवावे लागले, तेव्हा जुने भाग शोधताना बरेच कष्ट पडले.

आपल्याकडे तारापूरचे पहिले दोन संच १९६९ मध्ये वीज देऊ लागले. त्याच वर्षी तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात टीडीसी-१२ हा देशी संगणक तयार झाला. पण घराघरांत संगणकाने शिरकाव केला तो वेगळ्याच रूपाने. १९९० नंतर ‘समुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी टीव्हीला जोडायची खेळयंत्रे आपल्या बाजारात आली. निन्तेन्दोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम यंत्राची ती भावंडे. बरीचशी सरळसरळ नक्कल. बोईसरला असे यंत्र ज्याच्या घरी असे त्याच्या घरी रविवारी सकाळी चपलांचा ढीग दिसे. कॅसेट चालली नाही की आम्ही ती काढून तिच्यात फुंकर मारत असू. फुंकरीने काही होत नसे, उलट श्वासातील बाष्पाने तांब्याचे संपर्कबिंदू गंजत. कॅसेट काढून पुन्हा घातल्याने घर्षण होई आणि संपर्क जुळे, एवढेच. श्रेय मात्र फुंकरीला.

आता त्या ४० किलोबाइटकडे वळू. या यंत्राच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे २४० ठिपके, म्हणजे एकूण ६१,४४०. प्रत्येक ठिपक्याचा रंग वेगळा लिहून ठेवायचा तर ठिपक्याला दोनच बिट धरले तरी १५ किलोबाइट हवेत. चित्रासाठी राखलेली स्मृती होती फक्त २ किलोबाइट. मग जमवले कसे? आपल्या घरच्या रांगोळीच्या छाप्यांप्रमाणे. पडद्याचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन पाडले की आडवे ३२ आणि उभे ३०, म्हणजे ९६० चौकोन होतात. प्रत्येक चौकोनात कोणता छापा उमटवायचा त्याचा क्रमांक तेवढा लिहायचा. ९६० क्रमांकांना ९६० बाइट पुरे, आणि कोणत्या भागात कोणते रंग हे सांगायला आणखी ६४. एकूण १,०२४. बरोबर एक किलोबाइट! शिक्षकांनी हा हिशेब चौकटीच्या वहीवर मुलांकडून जरूर करून घ्यावा.

छापे मोजकेच, म्हणून काटकसर. मारिओच्या आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचा आकार एकच आहे. ढग पांढरा, झुडूप हिरवे. लाखो मुले वर्षानुवर्षे हा खेळ खेळली आणि फार थोड्यांच्या ते लक्षात आले. आमच्या भागातील वारली चित्रे पाहणाऱ्याला याचे नवल वाटू नये. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून माणूस उभा करणाऱ्या हातांना थोडक्या आकारांत सारे गाव कसे बसवायचे ते ठाऊक असते.

याहून धाडसी काटकसर ‘एलीट’ या १९८४ सालच्या खेळात आहे. केंब्रिजमधील डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी तो बीबीसी मायक्रो या संगणकासाठी लिहिला. हे यंत्र काही जुन्या शिक्षकांना आठवत असेल, कारण १९८४-८५ मध्ये भारत सरकारने ‘क्लास’ या संगणकसाक्षरता योजनेखाली २४८ शाळांत हेच यंत्र दिले होते. स्मृती ३२ किलोबाइट. तेवढ्यात या जोडगोळीने आठ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत २५६ ग्रह, प्रत्येक ग्रहाला नाव, स्थान, राज्यव्यवस्था आणि बाजारभाव. हे काहीच साठवलेले नव्हते. तीन आरंभीच्या संख्या घ्यायच्या आणि फिबोनाचीच्या क्रमिकेसारखी बेरीज करत जायचे. निघेल त्या संख्येच्या तुकड्यांतून ग्रहाचे वर्णन तयार. आरंभसंख्या त्याच, म्हणून दर वेळी ग्रहही तेच. फिबोनाची शिकवताना आपण ससे आणि सूर्यफूल सांगतो, तेथे हे एक उदाहरण वाढवता येईल. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने सिंक्लेअर स्पेक्ट्रम हा ४८ किलोबाइटचा घरगुती संगणक परवाना घेऊन भारतात बनवला, त्यावरही असेच काटकसरीचे खेळ टेपरेकॉर्डरवरून चढवून खेळत. ४८ किलोबाइट चढायला चार-साडेचार मिनिटे लागत आणि तोवर कर्कश आवाज ऐकावा लागे.

भाचा जे ‘आख्खे कळते’ म्हणतो ते हे. हल्लीचा मोठा खेळ शेकडो माणसे मिळून काही वर्षांत करतात. त्यातील सगळे कोणा एकाच्या डोक्यात नसते. ४० किलोबाइटचा खेळ एका चिकाटीच्या विद्यार्थ्याला बाइट-बाइट उलगडता येतो, आणि जगभर अनेकांनी तो तसा उलगडलाही आहे. बालपणाची आठवण हे जुन्या खेळांच्या ओढीचे कारण म्हणून नेहमी सांगितले जाते. माझ्या पिढीबाबत ते खरेही आहे. पण या मुलाचा जन्म होण्याआधीच ती यंत्रे भंगारात गेली होती, त्याला कसली आठवण?

मग ती यंत्रे नसताना खेळ चालतो कसा? भाच्याच्या पीसीला त्या जुन्या मायक्रोप्रोसेसरची भाषा मुळीच येत नाही. येथे ‘एम्युलेटर’, म्हणजे एका यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, कामी येतो. समजा खेळाच्या कॅसेटमध्ये १६९ आणि ५ असे दोन आकडे लागोपाठ आहेत. जुन्या प्रोसेसरला १६९ चा अर्थ ‘पुढचा आकडा अ या कप्प्यात ठेव’ असा कळे आणि त्याला घड्याळाचे दोन ठोके लागत. एम्युलेटर आपल्या स्मृतीत ‘अ’ नावाचा एक खोटा कप्पा ठेवतो, १६९ वाचतो, त्यात ५ लिहितो आणि दोन ठोके झाले अशी नोंद करतो. अशा सर्व आज्ञा, चित्राचे सर्किट, ध्वनीचे सर्किट, सारे कागदावर रंगवल्यासारखे उभे राहते आणि खेळाला आपण खऱ्या यंत्रात नाही याचा पत्ता लागत नाही. एक यंत्र योग्य वर्णन मिळाल्यास दुसऱ्या कोणत्याही यंत्रासारखे वागू शकते, हे ॲलन ट्यूरिंग यांनी १९३६ मध्ये, इलेक्ट्रॉनिक संगणक अस्तित्वात येण्यापूर्वीच सिद्ध करून ठेवले होते. जुना प्रोसेसर सेकंदाला सुमारे १८ लाख ठोके देई, आजचा ३ अब्जांच्या घरात देतो. त्यामुळे नकलेचे काम भराभर संपवून भाच्याचे यंत्र बहुतेक वेळ स्वस्थ बसते. नव्या खेळाला बॅटरी दीड-दोन तासांत संपते, तीच मारिओला कितीतरी जास्त पुरते, आणि बोईसर ते चर्चगेट दोन तासांहून अधिकच लागतात!

नकलेलाही मर्यादा आहेत. बदके मारायचा खेळ ज्यांनी खेळला असेल त्यांना त्याची प्लॅस्टिकची बंदूक आठवेल. तिच्यातून काहीच बाहेर पडत नसे. ती प्रकाश आत घेई. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई आणि मग फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. नळीतल्या प्रकाशसंवेदकाला आधी काळोख आणि लगेच उजेड दिसला तरच नेम लागला असे ठरे. आम्ही बंदूक दिव्याकडे रोखून फसवू पाहत होतो ते यामुळेच फसे: दिवा काळा होत नाही. या युक्तीला जुन्या टीव्हीची काचनळी हवी, जिच्यात इलेक्ट्रॉनांचा झोत वरून खाली ठरल्या क्षणी ठरल्या जागी पोचतो. आजचे सपाट पडदे चित्र दाखवायला काही क्षण उशीर करतात, आणि तेवढ्यात बंदुकीची वेळ टळून गेलेली असते. एम्युलेटरने प्रोसेसर जपला. टीव्ही कसा जपणार?

शिवाय नक्कल करायला मूळ प्रत तरी हवी. २०२३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका पाहणीनुसार तेथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आता बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत. आपल्या शाळांच्या संगणक खोल्यांत एके काळी गाजलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९ चा. त्याचे कर्ते जॉर्डन मेकनर यांनी आपल्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून, त्याचे चित्रण करून त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. त्या खेळाची मूळ आज्ञावली हरवली असे तेच समजून चालले होते. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात जुन्या फ्लॉप्या सापडल्या, तेव्हा ती परत मिळाली. आपल्या कायद्याप्रमाणे संगणकाचा प्रोग्रॅम ही साहित्यकृती मानली जाते आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क चालतो. फ्लॉपीवरील चुंबकीय थर चांगला सांभाळला तरी दोन-तीन दशकांपुढे भरवशाचा नसतो, आणि आमच्या किनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेत तर त्याला बुरशी धरते. प्रत काढण्याची सर्वांना मुभा मिळेल तेव्हा प्रत काढायला काही उरलेले नसेल. कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याने स्वतःसाठी एक राखीव प्रत करून ठेवायला मात्र कायद्यात परवानगी आहे. ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नाही.

त्याच दिवाळीत आमच्या भागातील एका शाळेत कपाटे रिकामी होत होती. तेथील शिक्षकांच्या परवानगीने सव्वापाच इंची अकरा फ्लॉप्या मी घरी आणल्या. जुना ड्राइव्ह लॅमिंग्टन रोडवर मिळाला, आणि तो आजच्या संगणकाला जोडणारे छोटे सर्किट मागवले. सातांवर बुरशीची पांढरी वर्तुळे होती. चार वाचता आल्या. तिघींवर हजेरी आणि गुणपत्रके. चौथीवर बेसिक भाषेत लिहिलेला पाढ्यांचा खेळ निघाला. पावकी, निमकी, दीडकीसुद्धा! प्रश्न मराठीत, पण रोमन अक्षरांत. उत्तर बरोबर आले की ‘शाब्बास’ आणि एक टुक असा आवाज. लिहिणाऱ्या शिक्षकाने कोठेही आपले नाव टाकलेले नाही.

भाच्याने तो आपल्या यंत्रावर चढवला आणि निमकीत तीनदा चुकला. मग वीस प्रश्नांपैकी वीस बरोबर आणून दाखवले, तर पडद्यावर गुण आले २१. त्याने आज्ञावली उघडली. मोजणी शून्याऐवजी एकापासून सुरू केली होती. “दुरुस्त करू का?” त्याने विचारले. मी म्हटले, कर, पण आधी एक प्रत आहे तशी ठेव.