मामा तलाव

(माजी मालगुजारी तलाव). पूर्व विदर्भातील मातीच्या पाळीचे छोटे जलाशय. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर या जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. गोंड व भोसले राजवटींत राजाश्रयाने ते बांधले गेले. बांधणारे मुख्यतः कोहळी समाजाचे. गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधचे श्रेय परंपरा कोलू पाटील कोहळी यांना देते. नागपूर शहरातील सक्करदरा तलावही भोसलेकालीन होय.

दोन उंचवट्यांमधल्या उतारावर चिकण माती थराथराने दाबून पाळ उभारतात. पाणी सोडण्याच्या दाराला तुडूम आणि सांडव्याला सलंग म्हणतात. वरच्या तलावाचे जादा पाणी सलंगावरून खालच्या तलावात उतरते. मुख्य हेतू धानाच्या सिंचनाचा. पण या साखळीमुळे पावसाचा लोंढाही टप्प्याटप्प्याने अडतो व पुराचा जोर ओसरतो. मातीच्या पाळीचा खरा शत्रू तिच्या माथ्यावरून वाहणारे पाणी. ते मातीचे कण ओढून नेते आणि बघता बघता खिंडार पडते. म्हणून सलंग मोकळा ठेवणे हे पाळ उंच करण्याइतकेच, किंबहुना अधिक महत्त्वाचे.

1951 मध्ये मालगुजारी (सारावसुलीची जमीनदारी पद्धत) संपली आणि मालगुजारांकडचे तलाव शासनाकडे आले. गावाची वहिवाटीने चालणारी देखभाल त्यानंतर सुटत गेली, हे मोठे नुकसान होय. गाळ, बेशरमीची झाडे व अतिक्रमणे यांनी अनेक तलावांची साठवण घटली आहे. सप्टेंबर 2023 मध्ये नागपूरचा अंबाझरी तलाव अतिवृष्टीने ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. तो मामा तलाव नव्हे, पण त्याचाही बांध मातीचाच आहे.