जात्यावरच्या ओव्या आणि भाच्याची सीडी

२००५ साली जुलैच्या अखेरीला सांगलीत कृष्णेचं पाणी चढू लागलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरातून माडीवर काय काय नेलं, ती यादी मला आजही पाठ आहे. देव, तांदळाचं पोतं, गॅसची शेगडी, कागदपत्रांची पिशवी आणि कॉम्प्युटर. खाटेखालची पत्र्याची ट्रंक तेवढी राहिली. आईच्या ओव्यांच्या वह्या त्या ट्रंकेत होत्या.

आई आदल्या वर्षी गेली होती. जात्यावर दळताना म्हणायच्या ओव्या तिनं आणि मावश्यांनी सांगितल्या, तशा मी दोनशेपानी वह्यांत उतरवून घेतल्या होत्या. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली, तर आत निळा लगदा. तरी मी निर्धास्त होतो. कारण त्या सातशेच्या वर ओव्या मी तीन वर्षं रात्री बसून कॉम्प्युटरवर टाइप केल्या होत्या. उतारा म्हणून फ्लॉपीही केल्या होत्या. त्या कुठं ठेवल्या होत्या, ते मात्र विचारू नका. त्याच ट्रंकेत.

पुरानंतर वीज सारखी येत-जात होती. एके संध्याकाळी कॉम्प्युटर सुरू होता होताच थांबला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली, की अमुक फाइल सापडत नाही. विंडोज ९८ पुढं सरकेना. दुरुस्तीवाल्यानं दोन मिनिटांत निदान केलं, "फॉरमॅट मारून नवी विंडोज घालतो." मी विचारलं, "आणि आतलं?" तो म्हणाला, "ते जाणार, काका."

मी कॉम्प्युटरवर चादर टाकली आणि दिवाळीपर्यंत तिकडं बघितलं नाही.

दिवाळीला बहिणीचा मुलगा पुण्याहून आला. तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता. सगळं ऐकून म्हणाला, "मामा, फॉरमॅट करू नका. आजीच्या ओव्या डिस्कवर असतीलच. बिघडलीय ती विंडोज." पिशवीतून त्यानं एक सीडी काढली. तिच्यावर मार्कर पेननं 'नॉपिक्स' असं लिहिलेलं. मी म्हटलं, "अरे, ही कॉपी केलेली दिसतेय." तो हसला, "मामा, ही कॉपी करायचीच असते."

आता खरं सांगायला हरकत नाही. माझ्या कॉम्प्युटरवरची विंडोज विकणाऱ्यानं 'घालून' दिलेली होती आणि तिची पावती माझ्याकडं नव्हती. त्या काळी अनेक घरांत हेच चालायचं आणि त्यात कुणाला काही वाटत नसे. त्यामुळं उजळ माथ्यानं कॉपी करता येणारी वस्तू म्हणजे काय, हेच मला कळेना.

भाच्यानं कॉम्प्युटर आधी सीडीवरून सुरू व्हावा अशी मांडणी केली. पडद्यावर एक पेंग्विन आला आणि ओळींमागून ओळी धावू लागल्या. मी घाबरून विचारलं, "हे डिस्कवर काही लिहीत नाही ना?" तो म्हणाला, "नाही. सगळं सीडीवरून मेमरीत येतं. डिस्क फक्त वाचायची." क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्यानं २००० साली पहिल्यांदा लोकांपुढं ठेवलेली ही लिनक्सची आवृत्ती. सातशे एमबीच्या सीडीत दाबून बसवलेला दोनेक जीबीचा कारभार. माझ्या १२८ एमबी मेमरीच्या यंत्रावर ती धापा टाकत चालली, पण चालली.

समोर चित्रं होती, बाण होता, तरी हात चुकत होता. विंडोजच्या सवयीनं मी दोनदा क्लिक करायचो. इथं एकाच क्लिकवर काम व्हायचं, म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा उघडायची. 'सी ड्राइव्ह' दिसेना. त्याच्या जागी 'एचडीए-१' असं काहीतरी होतं. त्यावर भाच्यानं क्लिक केलं आणि माझे सगळे फोल्डर, मी दिलेल्या नावांसकट, पडद्यावर आले. त्यात एक होता, 'आई'.

भाच्यानं पेनड्राइव्ह लावला. विंडोज ९८ला त्यासाठी वेगळी ड्रायव्हरची सीडी लागायची, इथं तो आपोआप दिसला. फाइली उतरल्या. मग त्यातली एक आम्ही उघडली. ओव्या नव्हत्याच! डॉलरची चिन्हं, टक्के, कंस, सुटी इंग्रजी अक्षरं. बहीण मागं उभी होती. ती काही न बोलता आत गेली.

इथं थोडा मागचा इतिहास सांगायला हवा. मी ज्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलं होतं, त्यात कॉम्प्युटरला 'क' ठाऊकच नव्हता. तो साठवायचा एखाद्या इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक आणि फाँट त्यावर 'क'चं चित्र काढायचा. फाँट गेला की खालचं इंग्रजी उघडं पडायचं. शिवाय ते सॉफ्टवेअर चालायला प्रिंटरच्या खाचेत एक कुलूप लावावं लागे. त्याची सीडी आणि कुलूप, दोन्ही पुरात गेली होती. कंपनीला फोन केला, तर नवं कुलूप म्हणजे नवी खरेदी, असं उत्तर आलं. माझ्याच आईचे शब्द, मीच टाइप केलेले, आणि वाचण्यासाठी मी पुन्हा पैसे भरायचे!

त्या रात्री भाच्यानं मला दोन माणसांच्या गोष्टी सांगितल्या. पहिला अमेरिकेतल्या एमआयटीचा रिचर्ड स्टॉलमन. प्रयोगशाळेत आलेल्या नव्या प्रिंटरचा प्रोग्राम त्याला सुधारायचा होता, पण त्याची मूळ संहिता कुणी देईना. पुढं १९८३ मध्ये त्यानं 'ग्नू' नावाची संपूर्ण खुली प्रणाली लिहायची घोषणा केली. तिचा परवानाही उलटा होता. वापरा, उघडून बघा, बदला, वाटा. फक्त पुढं देताना हेच हक्क पुढच्यालाही द्या. दुसरा हेलसिंकी विद्यापीठातला एकवीस वर्षांचा विद्यार्थी, लिनस टोरवाल्ड्स. हप्त्यानं घेतलेल्या ३८६ कॉम्प्युटरवर त्यानं प्रणालीचा गाभा लिहायला घेतला आणि २५ ऑगस्ट १९९१ला इतरांना कळवलं. त्यात म्हटलं होतं, की हा नुसता छंद आहे, ग्नूसारखं मोठं काही नाही. पहिल्या परवान्यात त्यानं पैसे घेऊन वाटायला मनाई केली होती. १९९२ मध्ये त्यानं ग्नूचा परवाना लावला आणि गाभा व ग्नूची अवजारं यांची जोडी जमली. सीडी छापून पाठवणाऱ्यालाही मग चार पैसे घ्यायची मुभा मिळाली. आपल्याकडं इंटरनेट लोकांना मिळालं १९९५च्या ऑगस्टमध्ये, तेही फोनच्या तारेवरून. त्यामुळं १९९६ मध्ये 'पीसीक्वेस्ट' मासिकानं लिनक्सची सीडी वाचकांना दिली, ते मोठं काम होतं. त्यामागं अतुल चिटणीस होते.

त्याच १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. तिचा आधार १९८८चं भारतीय 'इस्की' प्रमाण. या पद्धतीत 'क'ला त्याचा स्वतःचा क्रमांक आहे, मग फाँट कुठलाही असो.

युनिकोड विंडोजवरही होतं, विंडोज २०००पासून. माझ्या विंडोज ९८मध्ये देवनागरीची ती सोय नव्हती. पुढचं काम नव्या विंडोजवरही झालं असतं, हे कबूल करतो. पण ती विकत घ्यायला हवी होती, आणि लिनक्स भाच्याच्या पिशवीत होतं. २००६च्या उन्हाळ्यात नवी आलेली उबुंटू त्यानं माझ्या यंत्रात मेमरी वाढवून बसवली. सगळं गोड नव्हतं. मोडेम स्वस्तातला, विंडोजच्या जिवावर चालणारा होता. तो लिनक्सला शेवटपर्यंत कळला नाही. प्रिंटरनं दोन दिवस घेतले. फाइलच्या नावात लहान-मोठं इंग्रजी अक्षर चुकलं की फाइल सापडत नसे. मी चिडायचो, भाचा हसायचा. देवनागरीचे फुकट फाँट मात्र होते. रेड हॅटनं खुला केलेला 'लोहित', मुंबईच्या एनसीएसटी संस्थेतला 'रघु'. हा 'रघु' सुलेखनकार र. कृ. जोशींच्या हातचा आणि विंडोजमधला 'मंगल'ही त्यांचाच. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच मराठी माणसाचं वळण!

पण चिन्हांचं कोडं सोडवायला किल्ली हवी होती. ती बहिणीकडं निघाली. आई असताना मी तिला वीस ओव्या छापून पाठवल्या होत्या. तो कागद तिनं पोथीत ठेवला होता. कागद डावीकडं, पडद्यावरचा गोंधळ उजवीकडं, असे आम्ही बसलो. डॉलर म्हणजे काय, कंस म्हणजे काय, याचा तक्ता केला. जुन्या फाँटमध्ये 'म' म्हणजे अर्धा 'म्' आणि वेगळा दंड. ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराआधी साठवलेली. युनिकोडमध्ये ती उच्चारल्याप्रमाणं अक्षरानंतर. रफार तर शेवटी असायचा, तो उचलून पुढं आणायचा. भाच्यानं छोटा प्रोग्राम लिहिला, चालवला, चुकला, पुन्हा लिहिला. चौथ्या रात्री पडद्यावर पहिली ओवी सरळ उमटली. बहीण ती मोठ्यानं वाचू लागली, आणि दुसऱ्या ओळीला तिचं वाचन चालीवर गेलं.

ती फाइल अजून माझ्याकडं आहे. आता ती मी फोनवर उघडतो. भाचा सांगतो, की अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच लिनक्सचा गाभा आहे. वीस ओव्यांच्या कागदात जी जोडाक्षरं नव्हती, ती आम्हाला अंदाजानं भरावी लागली. अकरा ओव्यांत त्यामुळं एकेक शब्द अडला. सात बहिणीनं आठवून सांगितले. उरलेल्या चार ठिकाणी मी जागा कोरी सोडली आहे. मावशांपैकी आता कुणी नाही.